जुन्या एमएक्स-५ चे कापडी हूड: घासून पडलेले भोक, उसवलेली शिवण आणि सीटमागे साचणारे पाणी

लेस्टरकर (लेस्टर, इंग्लंड)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९६ सालची माझदा एमएक्स-५ आहे, म्हणजे अमेरिकेत जिला मियाटा म्हणतात त्या गाडीची पहिली पिढी. हूड, म्हणजे मागे दुमडता येणारे छत, काळ्या व्हिनाइलचे (रेक्झिनसारख्या प्लास्टिकच्या कापडाचे) आहे आणि मागची खिडकी मऊ, पारदर्शक प्लास्टिकची असून ती चेनने उघडते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांबद्दल काहीही तक्रार नाही. मात्र गाडी बाराही महिने घराबाहेर उभी असते आणि इथल्या सततच्या ओलसर हवेचा परिणाम आता हुडावर स्पष्ट दिसू लागला आहे.

चालकाच्या बाजूला, दाराच्या काचेच्या जरा मागे, जिथे हुडाचा धातूचा सांगाडा दुमडतो, तिथे व्हिनाइल घासून आतले विणकाम दिसते आहे आणि त्याच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढे भोक पडले आहे. त्याच बाजूची वरची शिवण चार बोटे उसवली आहे. तिथे कापड शाबूत आहे, फक्त दोरा गेला आहे. मागची खिडकी पिवळी पडली असून आडव्या घडीच्या रेषेवर तिला चीर गेली आहे. शिवाय मोठा पाऊस झाला की सीटच्या मागचा गालिचा ओला होतो. हे पाणी त्या भोकातून येते असे मला वाटत होते. पण भोकावर चिकटपट्टी लावून पाहिली तरी गालिचा ओला होणे थांबलेले नाही.

जवळच्या एका कारागिराने संपूर्ण हूड बदलण्याचा सल्ला दिला आहे. बदलायचेच असेल तर माझी तयारी आहे, परंतु भोक नेमके कशामुळे पडले हे कळल्याशिवाय नवे हूड बसवणे मला पटत नाही. यातले काय दुरुस्त होण्यासारखे आहे, कोणते काम आधी करावे आणि पुढे काय काळजी घ्यावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

एडिसनकर (एडिसन, न्यू जर्सी)

लेस्टरकर, तुम्ही कारण आधी शोधू पाहता आहात हे अगदी योग्य आहे. माझ्याकडे याच पिढीची मियाटा आहे आणि या गाडीच्या हुडाची बहुतेक सगळी कामे मी स्वतः करतो. माझा आग्रह असा की भोक, शिवण आणि खिडकी ही तिन्ही कामे बाजूला ठेवून प्रथम पाण्याकडे पाहावे, कारण हुडावरचे भोक फक्त हुडाचे नुकसान करते, पण आत साचलेले पाणी गाडीच मोडीत काढते.

या गाडीत हुडावरून मागे ओघळणारे पाणी थेट बाहेर पडत नाही. हुडाची मागची कड जिथे गाडीला आवळलेली असते, तिच्या आत प्लास्टिकची एक पन्हळ असते. ती पाणी झेलून दोन्ही बाजूंना नेते, आणि सीटबेल्ट ज्यांना जोडलेले असतात त्या सीटमागच्या मनोऱ्यांच्या मागे असलेल्या छिद्रांतून ते नळ्यांवाटे खाली उतरून मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडते. पानांचा चुरा, धूळ आणि शेवाळ यांनी ती छिद्रे बुजली की पाणी तुंबते, पन्हळीवरून उलटते आणि सीटमागे उतरते. तुमचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की हे पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीतही शिरते आणि ती आतून गंजते. मागच्या चाकापुढची हीच जागा कुजल्यामुळे तुमच्याकडच्या कित्येक एमएक्स-५ वार्षिक एमओटी तपासणीत नापास होतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

तपासणी सोपी आहे. हूड अर्धे मागे घेऊन एका कोपऱ्यातल्या छिद्रात तांब्याभर पाणी हळूहळू सोडावे आणि गाडीखाली पाहावे. पाणी लगेच मोकळेपणाने पडले तर नळी साफ आहे. थेंब थेंब पडले किंवा वर थांबून राहिले तर ती तुंबली आहे. साफ करण्यासाठी लोखंडी तार अजिबात वापरू नये. गवत कापायच्या यंत्राची जाड प्लास्टिकची दोरी, टोक गोल करून, हलक्या हाताने वरून खाली सरकवावी. कॉम्प्रेसरची जोराची हवाही टाळावी, कारण तिच्या दाबाने नळी आतल्या आत निसटली तर पाणी कायमचे आत पडत राहते आणि बाहेरून काहीच कळत नाही. दोन्ही बाजू मोकळ्या असूनही गालिचा ओला होत असेल तर पन्हळ तडकली आहे असे समजावे. इतक्या वर्षांनी तिचे प्लास्टिक ठिसूळ होतेच. ओला गालिचा मात्र पूर्ण काढून वाळवावा. त्याखालचा जाड थर पाणी धरून ठेवतो, आणि वरून हात लावला तर तो कोरडा वाटतो.

आता भोकाकडे येतो. हुडाच्या कडेच्या दुमडीत, दाराच्या काचेच्या वर, पोलादी तारेची एक दोरी असते आणि तिच्या टोकाला स्प्रिंग असते. हूड बंद होताना ती कापड ताणून धरते आणि दुमडताना ते सांगाड्याच्या बाहेर राहील असे ओढते. ती तार तुटली किंवा ढिली झाली की कापड सांगाड्याच्या सांध्यात अडकते आणि प्रत्येक उघडझाप त्याच ठिकाणी त्याला चिमटा काढते. त्यामुळे एकाने हूड सावकाश दुमडावे आणि दुसऱ्याने बाहेरून त्या जागेवर लक्ष ठेवावे. कापड आत ओढले जाताना दिसले तर कारण सापडले. तसे दिसले नाही तर सांध्याच्या धातूवर बोट फिरवावे. गंजाची किंवा रिव्हेटची धार तिथे लागेल. यांपैकी जे असेल ते दुरुस्त केल्याशिवाय ठिगळ लावले, अथवा नवे हूड बसवले, तरी भोक पुन्हा तिथेच पडणार.

पुढच्या काचेवरच्या कड्याही पाहाव्यात. त्यांच्या आकड्यांना आटे असतात आणि ते फिरवून ताण कमीजास्त करता येतो. कड्या लावताना पुरती ताकद लावावी लागत असेल तर ताण जास्त आहे, आणि तो जास्तीचा ताण शिवणींवर येतो.

शिवणकर (कोल्हापूर)

मी जीप, जिप्सी आणि थार यांची हुडे शिवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतो. लेस्टरकरांची गाडी आमच्याकडे येत नाही, परंतु रेक्झिन असो की कॅनव्हास, सुईदोऱ्याचे नियम सगळीकडे सारखेच आहेत, म्हणून लिहितो.

उसवलेली शिवण हे काम अवघड नाही आणि तेवढ्यासाठी हूड उतरवण्याचीही गरज नाही. उन्हापावसात कापडाआधी दोरा मरतो. त्यामुळे चार बोटे उसवली असेल तर पुढचे वीतभर टाकेही कमकुवत झालेले असणार, हे गृहीत धरावे आणि जुना दोरा नखाने ओढून पाहावा. जिथवर तो सहज तुटतो तिथवर काढून टाकावा. नवा टाका शाबूत टाक्यांवर दोन-तीन बोटे चढवून सुरू करावा आणि शेवटीही तसाच चढवून संपवावा. साधा सुती दोरा वापरू नये. तो पाणी शोषतो आणि कुजतो. जाड, पक्का पिळलेला पॉलिएस्टर दोरा चालतो. परदेशात पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोरा मिळतो, तो महाग असला तरी उन्हाने त्याचे काही बिघडत नाही. तुम्हाला मिळत असेल तर तोच घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुई जुन्याच छिद्रांतून गेली पाहिजे. व्हिनाइलमध्ये पाडलेले प्रत्येक नवे छिद्र ही पाण्याला दिलेली वाट असते, आणि छिद्रे जवळजवळ आली की कापड त्या रेषेवर टपालाच्या तिकिटासारखे फाटते. दाभण वापरू नये, त्याचे भोक फार मोठे पडते. अर्धगोल वाकलेली बारीक सुई घ्यावी, म्हणजे सांगाड्याजवळ जिथे आतून हात पोचत नाही तिथेही बाहेरूनच टाका घेता येतो. शिवताना हूड वर असावे पण कड्या सोडलेल्या असाव्यात, नाहीतर ताणामुळे दोन्ही कडा जुळत नाहीत आणि माणूस दोरा ओढून ओढून छिद्रे लांबवून बसतो. काम झाल्यावर शिवणीवर तंबूच्या शिवणींना लावतात ते सीलर बारीक ब्रशने दोन हातांत लावावे आणि पूर्ण वाळल्यावरच कड्या लावाव्यात.

भोकाला मात्र सुई लावू नये. तिथे ठिगळ चिकटवायचे, तेही आतून. त्याच जातीच्या व्हिनाइलचा तुकडा भोकाच्या चारी बाजूंनी किमान दोन बोटे मोठा कापावा आणि त्याचे कोपरे गोल करावेत, कारण टोकदार कोपरा सर्वांत आधी सुटतो. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावेत. फर्निचरला किंवा सीटला लावतात ते सोल्यूशन इथे टिकत नाही. व्हिनाइल मऊ ठेवण्यासाठी त्यात जे तेलकट द्रव्य मिसळलेले असते ते हळूहळू बाहेर येऊन त्या सोल्यूशनला चिकट लगदा करून टाकते, आणि भर उन्हात ठिगळ सरकू लागते. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसीच, तेव्हा पीव्हीसीसाठीच बनवलेला गोंद घ्यावा. हवा भरायच्या पीव्हीसीच्या बोटी आणि ट्रकच्या ताडपत्र्या ज्याने जोडतात तो. घासून पातळ झालेल्या भागावर बाहेरूनही एक पातळ ठिगळ लावले तर बरे, दिसायला थोडे वाईट दिसेल एवढेच.

एडिसनकरांनी सांध्याच्या धारेबद्दल लिहिले आहे ते शंभर टक्के खरे आहे. धार कानशीने मोडावी, गंज काढून रंग द्यावा आणि त्यावर पातळ रेक्झिन किंवा कापडी चिकटपट्टी गुंडाळावी. बरेच जण तिथे नमदा लावतात. नमदा मऊ असतो हे खरे, पण तो पाणी धरतो आणि आतला लोखंडी सांधा गंजवतो, म्हणून पावसाच्या मुलखात मी तो वापरत नाही.

कापडीछत (श्टुटगार्ट, जर्मनी)

वरील दोन्ही प्रतिसाद मनापासून आवडले. माझे मत एका बाबतीत थोडे वेगळे आहे. १९९६ च्या व्हिनाइलला एका ठिकाणी ठिगळ लावून वर्ष-दोन वर्षे काढता येतील, पण खिडकीला चीर गेली असेल तर तेवढ्यासाठी तरी पैसे खर्च करावेच लागतील. मऊ प्लास्टिकची चीर कोणत्याही गोंदाने सांधत नाही. पारदर्शक चिकटपट्टी हा फक्त पावसापुरता उपाय. पिवळेपणा पृष्ठभागावर असेल तर प्लास्टिकसाठीच्या पॉलिशने थोडा उतरतो, पण उन्हाने आतपर्यंत पिवळी झालेली खिडकी पुन्हा स्वच्छ होत नाही. म्हणून नवे हूड घेण्याच्या विचाराकडे लेस्टरकरांनी अगदीच पाठ फिरवू नये.

माझ्याकडे पोर्शची पहिल्या पिढीची बॉक्स्टर आहे, तीही कापडी छताची. तिच्याही २००२ पर्यंतच्या गाड्यांत प्लास्टिकची खिडकी होती, २००३ पासून काच आली. प्लास्टिकच्या खिडकीचे आयुष्य ती दुमडते कशी यावर ठरते. बॉक्स्टरमध्ये छत अर्ध्यावर थांबवून, खिडकीच्या मधोमध आतल्या बाजूला हाताने हलकी घडी पाडून मगच ते पुढे दुमडण्याची पद्धत आहे, म्हणजे कडक सुरकुती पडत नाही. तुमच्या गाडीत याहून चांगली सोय आहे: हूड खाली घेण्याआधी खिडकीची चेन उघडावी आणि खिडकी सपाट पसरू द्यावी. त्यावर मऊ सुती कापड अंथरले तर सांगाड्याचे ओरखडेही टळतात. थंडीत प्लास्टिक आणि व्हिनाइल दोन्ही ताठर होतात, त्यामुळे हिवाळ्यात ऊन पडले म्हणून मोहाने हूड उघडायचे असेल तर आधी हीटर लावून आतली हवा चांगली उबदार होऊ द्यावी. खिडकीवरचा बर्फ कधीही खरवडू नये.

पाण्याविषयी एडिसनकरांनी दिलेला इशारा माझ्या गाडीच्या बाबतीत तर आणखी महागात पडणारा आहे, कारण बॉक्स्टरच्या इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) इलेक्ट्रॉनिक डबा सीटखाली, गाडीच्या तळाशी बसवलेला आहे. निचऱ्याची छिद्रे बुजली की पाणी तिथे पोचते आणि गाडी सुरूच होत नाही. पानगळ संपली की छत अर्धे उघडून कोपरे हाताने साफ करणे, हे मी इंजिनऑइल बदलण्याइतकेच आवश्यक मानतो. बॉक्स्टरच्या छतात कापड आत ओढून घेणारे लवचीक पट्टेही असतात. त्यांतला ताण गेला की कापड सांध्यात सापडून बाजूने फाटते. कारण तेच, जे तुमच्या तारेचे आहे.

नवे घ्यायचे ठरले तर व्हिनाइल की कापड, हा प्रश्न येईल. चांगल्या कापडी छतात तीन थर असतात: वर ॲक्रिलिकचे विणकाम, मध्ये ब्यूटाइल रबर आणि आत पॉलिएस्टर किंवा सुती अस्तर. पाणी अडवण्याचे काम मधला रबराचा थर करतो. वरच्या कापडावर आपण जे पाणीरोधक फवारतो त्याचे काम फक्त कापड भिजू न देणे एवढेच असते. म्हणून पावसात कापड गडद, भिजलेले दिसले तर छत गळते आहे असे नाही; पण ते तासन्तास ओले राहील आणि इंग्लंडच्या हवेत त्यावर शेवाळ धरेल. पाण्याचे थेंब गोळा होऊन ओघळेनासे झाले की पुन्हा फवारणीची वेळ झाली असे समजावे. फवारणी पूर्ण कोरड्या, धुतलेल्या छतावरच करावी आणि त्या वेळी काचा व रंग कागदाने झाकून घ्यावेत.

थारवाला (पुणे)

माझी थार परिवर्तनीय कापडी छताची आहे, त्यामुळे एवढीच भर घालतो. पावसाळ्यात छत ओले असताना दुमडून ठेवले तर घडीच्या आत बुरशी धरते, तिचे काळे डाग जात नाहीत आणि वासही राहतो. नाइलाजाने ओले छत दुमडावे लागले तर घरी पोचताच ते पुन्हा उघडून वाळवावे. आमच्याकडे याहून मोठा शत्रू म्हणजे धूळ. दुमडण्याआधी मऊ ब्रशने ती झटकली नाही तर घडीच्या आत ती सॅंडपेपरचे काम करते, आणि प्लास्टिकच्या खिडक्या कोरड्या फडक्याने पुसल्या तर त्या कायमच्या धूसर होतात. आधी भरपूर पाणी, मगच फडके. चेन जड झाली तर तिच्यावर मेणबत्तीचा तुकडा घासावा.

एक शंका आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये डॅशबोर्डला लावतात ते चकचकीत पॉलिश छतालाही लावून देतात. ते चांगले की वाईट?

शिवणकर (कोल्हापूर)

थारवाले, ते लावू देऊ नका. त्याने दोन दिवस चमक येते, मग त्याच्यावर धूळ चिकटते. पेट्रोलियमयुक्त पॉलिश असेल तर ते व्हिनाइलला आधी मऊ करते आणि नंतर कडक करून तडकवते. व्हिनाइलला हवे असते ते उन्हातल्या अतिनील किरणांपासून संरक्षण. त्यासाठी पाण्यात मिसळलेले, न चमकणारे द्रव्य मिळते. धुताना सौम्य साबण आणि मऊ केसांचा ब्रश पुरेसा आहे. ब्लीच शेवाळ मारते, पण त्याबरोबर दोराही मारते. आणि प्रेशर वॉशरची धार शिवणीवर कधीही धरू नये. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी हुडांच्या शिवणी कापड जुने झाल्यामुळे नव्हे, तर पाण्याच्या माराने गेलेल्या असतात.

लेस्टरकर (लेस्टर, इंग्लंड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एडिसनकरांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही बाजूंना पाणी सोडून पाहिले. डावीकडचे लगेच खाली पडले. उजवीकडचे, म्हणजे चालकाच्या बाजूचे, वरच थांबून राहिले. प्लास्टिकच्या दोरीने ते मोकळे केल्यावर काळा, कुजलेला पाचोळा बाहेर आला. गालिचा काढला आहे. खालच्या पत्र्यावर वरवरचा गंज आहे, पण टोचून पाहिले तर पत्रा मजबूत लागतो. त्याच बाजूची कडेची तार तुटलेली आहे आणि हूड दुमडताना कापड सांध्यात जाताना स्पष्ट दिसते.

तार लगेच बदलतो आहे आणि शिवणकरांच्या पद्धतीने शिवण व ठिगळ करून हा हिवाळा काढणार आहे. वसंतात कापडी हूड घ्यावे असे आता वाटते. दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-५ चे काचेच्या खिडकीचे हूड माझ्या गाडीला बसते असे ऐकले आहे. ते घ्यावे का?

एडिसनकर (एडिसन, न्यू जर्सी)

बसते. दोन्ही पिढ्यांचे सांगाडे जवळजवळ सारखे आहेत आणि हा बदल इथे सर्रास केला जातो. काच पिवळी पडत नाही आणि दर वेळी चेन उघडण्याची गरज उरत नाही. तीन गोष्टी मात्र आधी तपासाव्यात. सीटमागे रोल बार (गाडी उलटली तर डोके वाचवणारी धातूची कमान) बसवलेला असेल तर दुमडताना काच त्याला लागत नाही ना, हे मोजून घ्यावे, कारण प्लास्टिक वाकते, काच वाकत नाही. काचेतल्या हीटरच्या रेषा चालवायच्या असतील तर तुमच्या गाडीत वेगळी वायर, फ्यूज आणि स्विच घालावा लागेल. आणि काच कापडाला चिकटवलेली असते, तेव्हा ती कड कधी सुटू लागली तर सिलिकॉन किंवा झटपट गोंद न लावता, पुढची काच बसवणारे लोक वापरतात ते युरेथेन त्याच्या प्रायमरसह लावून, दाबून, पूर्ण घट्ट होईपर्यंत हूड न हलवता ठेवावे.

केवळ खिडकीच बदलायची झाली तर तुमच्या हुडाचा मागचा भाग चेनने जोडलेला वेगळा तुकडा असल्यामुळे तो सुटाही मिळतो. फक्त जुन्या आणि नव्या चेनचे दाते जुळतात का हे विकत घेण्याआधी विचारावे. पण पूर्ण हूड घेणार असाल तर नवी पन्हळ त्याच वेळी मागवा. हुडाची मागची कड ज्या पट्ट्यांनी आवळलेली आहे त्यांचे १० मिलिमीटरचे नट काढल्याशिवाय पन्हळीपर्यंत पोचता येत नाही, आणि हूड बदलताना ते नट तसेही काढावेच लागतात.